रंगद्रव्याचे रेणू एकवटले म्हणजे

प्रश्न : सायनीन वर्गातील रंगद्रव्याचे जलीय द्रावण दाट केले असता त्याचा शोषणपट्टा नुसता गडद न होता जागाच बदलतो. याचा खुलासा कराल काय?

उत्तर : विरल द्रावणात प्रत्येक रेणू आपल्यापुरता प्रकाश शोषितो, परंतु संहती वाढून रेणू परस्परांस बिलगू लागले, म्हणजे एकाची उत्तेजित अवस्था त्याच्या एकट्याच्या मालकीची न राहता शेजाऱ्यांतही वाटली जाते, आणि पट्टा कोणत्या बाजूस सरकावा याचा निवाडा मग रेणूंची मांडणी करते. भिंतीतील विटांप्रमाणे ते पुढेमागे सरकून बसले, तर पट्टा तांबड्याकडे सरून अरुंद व तीव्र होतो. थेट एकावर एक रचले गेले, तर तो निळ्याकडे जातो आणि प्रतिदीप्ती बहुधा मंदावते, कारण ऊर्जा ज्या सर्वांत खालच्या अवस्थेत उतरते, तिला प्रकाश बाहेर टाकण्याची जवळजवळ मुभाच नसते.

पहिल्या प्रकाराचा नामांकित दाखला स्यूडोआयसोसायनीनचा. एकट्या रेणूचे शोषण सुमारे ५२५ नॅनोमीटरला, तर समूहाचे ५७० च्या आसपास, सुईसारख्या टोकदार पट्ट्यात! इंग्लंडात जेली व जर्मनीत शायबे यांनी १९३६ साली हे स्वतंत्रपणे नोंदविले. सरकण्याची उपपत्ती पुढे काशा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मुळात निळ्या प्रकाशासच दाद देणाऱ्या छायाचित्रणाच्या फिल्मवरील रजतलवणांना हिरवा व तांबडा प्रकाश ग्रहण करावयास लावले, तेही अशाच समूहांनी.

आपल्या द्रावणाची परीक्षा सोपी आहे : ते विरल करावे, किंवा किंचित तापवावे, पट्टा मूळ जागी परतला, तर तो समूहाचाच समजावा.