पावडर फनेलमध्येच अडते, तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे सिंटर्ड बुश बनतात. पावसाळ्यात लोखंडाची पावडर हॉल फनेलमधून उतरतच नाही. लॉट परत पाठवावा का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : लगेच नको. हॉल फनेलचे भोक जेमतेम 2.5 मिलिमीटरचे. त्यातून 50 ग्रॅम पावडर किती सेकंदांत उतरते, एवढेच ही चाचणी मोजते. अडली तर फनेलला एक हलकी टिचकी मारायची मुभा आहे. काही ठिकाणी मात्र पावडर उतरेपर्यंत ठोकत बसतात आणि तोच आकडा रजिस्टरमध्ये चढवतात! त्याला काडीची किंमत नाही.

आधी ओलावा तपासा. नमुना 105 अंश सेल्सिअसला वाळवा, बंद डब्यात थंड करा, मग पुन्हा मोजा. झिंक स्टिअरेट मिसळलेली पावडर मात्र ओव्हनमध्ये घालू नका. वंगण मऊ पडून कण चिकटू शकतात. कोरडी पावडरही अडली, तर 5 मिलिमीटर भोकाचे कार्नी फनेल घ्या. दोन्ही फनेलांचे सेकंद एकमेकांशी ताडू नका. जोडीला ठोकून मोजलेल्या घनतेला सैल घनतेने भागा. उत्तर 1.25च्या आत असेल तर डाय भरताना सहसा त्रास होत नाही. 1.4च्या वर गेले, तर पुरवठादाराला खुशाल फोन लावा.