गाणारं लेकरू, मालिकेचं ऑडिशन आणि आशालता वाबगावकर



पालकसभेत हल्ली एक प्रश्न नेमाने येतो. "मॅडम, पोरगी छान गाते. तिला मालिकेत काम मिळेल का?" आमच्या पुंडलिकनगर भागात गाणाऱ्या लेकरांची कमी नाही. गजानन महाराज मंदिरातली भजनं, गणपती मंडळाच्या स्पर्धा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडं ती पुढं असतात. घरच्यांनी मोबाईलवर व्हिडिओ टाकला की लाईक येतात, आणि मग कुणीतरी एखाद्या ऑडिशनची जाहिरात पाठवून देतं. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, दुसऱ्या सत्रात तिला शाळेतून काढून मुंबईला नातेवाइकांकडं ठेवलं तर पुढं अडचण येईल का? त्यांचा हिशेब साधा होता. आधी गाण्याचा कार्यक्रम, तिथून चेहरा ओळखीचा, मग मालिका.

हा हिशेब अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गायक म्हणून सुरुवात करून नंतर पडद्यावर गेलेली माणसं आपल्या मराठीत आहेत. पण ती कशी गेली, मधे किती वर्षं गेली, हे पालकांना कुणी सांगत नाही. म्हणून आज एका कलावंताची वाट सविस्तर सांगते. चौथी-पाचवीला 'कलावंताची ओळख' म्हणून हाच मजकूर सोपा करून घेता येईल.

आशालता वाबगावकर हे नाव तिशीतल्या पालकांना चटकन आठवणार नाही, पण फोटो दाखवा, लगेच "अरे, या तर सिनेमातल्या आई!" म्हणतील. मूळच्या गोव्याच्या. शिक्षण मुंबईत झालं. मुंबई आकाशवाणीवर त्या कोकणी गाणी गायच्या. म्हणजे पहिली ओळख आवाजाची. चेहरा कुणी पाहिलेलाच नव्हता. रेडिओवर गाणाऱ्याला हातवारे करून किंवा छान कपडे घालून वेळ मारून नेता येत नाही. शब्द नीट लागला नाही, श्वास मधेच तुटला, की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मला वाटतं, त्यांच्या अभिनयाचा पाया तिथंच पडला असणार.

गाता येतं म्हणून त्यांना संगीत नाटकात बोलावणं आलं. दि गोवा हिंदू असोसिएशनच्या 'संशयकल्लोळ'मध्ये त्यांनी रेवती केली. पुढे १९६४ साली याच संस्थेनं वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आणलं. त्यात त्या सत्यवती होत्या, पराशराच्या भूमिकेत रामदास कामत होते आणि संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं होतं. त्या नाटकातली त्यांची पदं आजही रेडिओवर लागतात. त्यांनी पुढं आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही त्यातल्याच एका पदावरून 'गर्द सभोवती' असं ठेवलं.

इथं मुलांना एक प्रश्न विचारा. १९६४ साली आशालताबाईंना टीव्हीवर का जाता आलं नाही? थोडा वेळ द्या. मुलं "त्यांना कुणी घेतलं नसेल" इथपासून सुरुवात करतात. उत्तर असं, की मुंबईत टीव्हीच नव्हता! मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आजच्या मुलांना ही गोष्ट खोटीच वाटते. पण त्यामुळं काय झालं बघा. त्या पिढीला घाईची वाटच उपलब्ध नव्हती. गाणाऱ्या माणसाला रंगमंचावर उभं राहून, रात्रीमागून रात्री तेच नाटक करत, बोलायला आणि ऐकायला शिकावं लागलं.

'ऐकायला' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. गायकाची नजर श्रोत्यांकडं असते. नटाची नजर समोरच्या पात्राकडं असावी लागते. समोरचा बोलत असताना आपण काय करतो, यावर अर्धा अभिनय असतो. गाणारी मुलं पहिल्यांदा नाटुकल्यात उभी राहिली की नेमकी इथं अडखळतात. स्वतःचं वाक्य खणखणीत म्हणतात आणि दुसऱ्याचं वाक्य सुरू असताना प्रेक्षकांत आई कुठं बसलीय ते शोधतात. आपल्या सगळ्यांच्या स्नेहसंमेलनात हे दृश्य असतं.

दुसरी अडचण आवाजाच्या मापाची. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. कॅमेऱ्यासमोर तेवढ्याच जोरात बोललं तर भांडण चाललंय असं वाटतं. भुवई जरा वर गेली तरी पडद्यावर ती हातभर दिसते. म्हणजे रंगमंचावर कमावलेलं बरंचसं कॅमेऱ्यापुढं कमी करावं लागतं. आशालताबाईंनी ते केलं. बासू चटर्जी यांच्या 'अपने पराये' (१९८०) या हिंदी चित्रपटानं त्यांना मोठी ओळख दिली. मग जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला, आणि हिंदी-मराठी मिळून शंभरावर चित्रपट झाले. 'मत्स्यगंधा' ते 'अपने पराये', मधे सोळा वर्षं आहेत. फळ्यावर ही वजाबाकी मुलांकडून करून घ्या. सोळा वर्षं म्हणजे त्यांच्या आत्ताच्या वयाच्या दीडपटीहून जास्त.

त्यानंतर मालिका. २०२० साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या सोनी मराठीच्या 'आई माझी काळुबाई' या मालिकेत काम करत होत्या. चित्रीकरण सातारा जिल्ह्यात होतं. कोरोनाचा काळ. सेटवर अनेकांना लागण झाली, त्यात त्याही होत्या. २२ सप्टेंबर २०२० ला साताऱ्यात त्यांचं निधन झालं. लहान वर्गात हा भाग सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी पाचवीत सांगितला. एका मुलानं विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्या होत्या तर घरी का नाही बसल्या?" मी उत्तर दिलं नाही. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "त्यांना आवडत असंल."

आपल्याकडं ही परंपरा तशी जुनीच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं आणि पुढं भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून नाटकात आणलं ते त्यांचा आवाज ऐकूनच. बोलपट आले तेव्हा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, जे पेटीवादक आणि संगीतकार म्हणून आधीच नावाजलेले होते. टीव्ही आल्यावर तेच पुन्हा घडलं. भारती आचरेकर या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. घरात गाणं, आणि रंगभूमीवर आल्या त्याही 'धन्य ते गायनी कळा' या संगीत नाटकातून. ('धन्य ते गायनी कळा'ला संगीत पं. भीमसेन जोशींचं होतं, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.) दूरदर्शनवरच्या 'वागले की दुनिया'तली त्यांची राधिका वागले १९८८ पासून घराघरात पोचली. ती भूमिका पाहताना कुणाला त्यांचं गाणं आठवत नाही. पण वाक्य कुठं थांबवायचं आणि हशा कुठं येऊ द्यायचा, हे त्यांना ज्या सहजतेनं जमतं ते ताल अंगात असल्याशिवाय जमत नाही, असं माझं मत आहे. पटलं नाही तर एक भाग डोळे मिटून ऐकून बघा.

आता पालकांच्या ओळखीच्या नावांकडं येऊ. झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची अंतिम फेरी ८ फेब्रुवारी २००९ ला झाली. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी बाहेर नव्हतं! रोहित लातूरचा, म्हणून आपल्या मराठवाड्याचा जीव त्याच्यात जास्त अडकलेला. कार्तिकी जिंकली. या पाच जणांपैकी नायिका म्हणून पडद्यावर आली ती आर्या, 'ती सध्या काय करते' या चित्रपटात. तो आला जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे जवळपास आठ वर्षांनी, शिक्षण आणि गाण्याचा रियाज सांभाळून, बाविसाव्या वर्षी. आणि आजही ती आधी गायिका आहे. २०२१ मध्ये हे पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले, तेव्हा सगळे गाण्याच्याच खुर्चीत होते. केतकी माटेगावकरचं उदाहरण वेगळं. ती लवकर गेली, 'शाळा' (२०१२) आणि 'टाईमपास' (२०१४) केले, आणि छान केले. पण तिथंही दोन्ही वेळा चित्रपट होता, ठरावीक दिवसांचं काम. रोजची मालिका नव्हे.

अभिजीत सावंत २००५ साली पहिला 'इंडियन आयडॉल' झाला. त्यानं 'लॉटरी' (२००९) या चित्रपटात काम केलं. २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'त तो उपविजेता ठरला. अशा कार्यक्रमांत वैशाली म्हाडे, उत्कर्ष शिंदेही दिसले. पण पालकहो, घरात कोंडून घेतलेल्या माणसांचा कार्यक्रम म्हणजे अभिनय नव्हे, एवढा फरक मुलांना सांगायला हवा. उलट्या दिशेनंही वाट आहे बरं का. स्वानंदी टिकेकर आधी 'दिल दोस्ती दुनियादारी'तून (२०१५) अभिनेत्री म्हणून आली आणि २०२० मध्ये 'सिंगिंग स्टार' ही गाण्याची स्पर्धा जिंकली. तिची आई आरती अंकलीकर-टिकेकर. घरात गाणं होतं, ते वाट बघत थांबलं होतं.

थोडं रोखठोक. चौदा वर्षांखालच्या मुलाला मालिकेत, चित्रपटात किंवा टीव्हीवरच्या स्पर्धेत घ्यायचं तर कायदा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. ते मुलांच्या नव्हे, आपल्या वाचण्यासाठी आहेत. निर्मात्याला ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमलेला असावा लागतो. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. शाळा बंद पडता कामा नये. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. ज्या ऑडिशनवाल्याला यातलं काही माहीत नाही आणि जो आधी 'नोंदणी फी' मागतो, त्याच्याकडं जाऊ नका. हे मी प्रत्येक सभेत सांगते.

त्या चौथीतल्या मुलीच्या वडिलांना मी हा कायदा सांगितला आणि आशालताबाईंची सोळा वर्षंही सांगितली. त्यांचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. "मग तोवर घरी काय करायचं?"

तर हे करता येतं. आपल्या शहरात आकाशवाणीचं केंद्र आहे, रेडिओ लावा, मुलांना निवेदन आणि श्रुतिका ऐकू द्या. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथल्या मुलांची नाटकं होतात, ती दाखवायला न्या. मोबाईलवर गाण्याचा व्हिडिओ करण्याआधी एकदा फक्त आवाज रेकॉर्ड करा आणि मुलाला स्वतःला ऐकू द्या. कुठला शब्द गिळला ते त्याचं त्यालाच कळतं.

शिक्षकांसाठी एक तासाचा उपक्रम देते. पाठ्यपुस्तकातला संवाद असलेला कुठलाही उतारा घ्या. मुलांच्या जोड्या करा. पहिल्यांदा संवाद चालीत म्हणायला सांगा, जशी सुचेल तशी चाल. दुसऱ्यांदा एक मूल फळ्याजवळ आणि दुसरं वर्गाच्या दाराबाहेर, तिथपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे, पण ओरडायचं नाही. तिसऱ्यांदा दोघं एका बाकावर, शेजारच्या बाकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. गाणारी मुलं पहिल्या फेरीत चमकतात. तिसऱ्या फेरीत बहुतेक वेळा एखादं न गाणारं, अबोल लेकरू बाजी मारतं, कारण त्याला ऐकायची सवय असते. त्याचं नाव फळ्यावर लिहा.

चौथी फेरी वेळ उरला तरच घ्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं एकही शब्द न बोलता फक्त ऐकायचं, आणि वर्गानं ऐकणाऱ्याकडं बघून ओळखायचं की बातमी चांगली आहे की वाईट. माझ्या वर्गात ही फेरी घंटा झाली तरी थांबत नाही. तुमच्याकडं काय होतं ते कळवा. आणि उताऱ्यात 'ळ' असलेले शब्द भरपूर असतील असं बघा, म्हणजे उच्चारांचाही सराव त्यातच होऊन जातो.