टनाला किती, ते सांगा

गळीत हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. संघटनेचे नेते राजू शेट्टी काय मागणार, याकडे कारखानदारांचे कान लागलेले असतात. त्या राजकारणात इथे शिरायचं नाही, पण परिषदेच्या दोन गोष्टी आपल्या वर्कशॉपांनी उचलण्यासारख्या आहेत. भांडण धुराडी पेटायच्या आधी होतं, आणि मागणीला आकडा असतो, टनाला इतके. आकडा आला की समोरच्याला हिशेब मांडावाच लागतो.

गंमत अशी की मैदानावर कारखान्याच्या चेअरमनला जाब विचारणारा गडी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात पाळीवर आला की सुपरवायझरसमोर मान डोलावतो. त्याला पटलेलं नसतं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. टपरीवरचा तो विरोध कामाच्या टेबलावर आणायची ही कृती. उदाहरण फाउंड्रीचं घेतलंय, पण यंत्रमागालाही ती चालेल.

आधी वेळ. ऑर्डर हातात आली आहे पण पॅटर्न बनवायला टाकलेला नाही, तेव्हाच बसा. पॅटर्न झाल्यावर विरोध ऐकणं महाग पडतं, म्हणून मग तो कोणी ऐकतच नाही. माणसं पाच-सहा पुरेत. मोल्डर, भट्टीवाला, लेथवरचा, तपासणीचा, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या फोनवर खाणारा तर हवाच.

मालकाने प्रश्न मांडावा, आपला बेत सांगू नये. ‘अण्णा म्हणतील तसं’ हे एकदा कोणी म्हटलं की बैठक संपली, पुढे नुसता चहा. प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहाव्यात : काय बिघडेल आणि किती बिघडेल. नाव घालायची सक्ती नको. सगळे कागद एकाने वाचावेत, मालकाने सोडून.

‘तू मुद्दाम विरोधात बोल’ असं कोणाला नेमू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्लन नेमेथ यांच्या अभ्यासात नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून न पटलेला माणूस गटाला जास्त विचार करायला लावतो, असं दिसलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व फ्रान्समधल्या गटांना वाहतूक कोंडीवर उपाय विचारले. ‘टीका करू नका’ असं सांगितलेल्या गटांपेक्षा ‘वाद घाला’ सांगितलेल्यांनी जास्त कल्पना काढल्या.

आता मुख्य पायरी. ‘हे चालायचं नाही’ हा आक्षेप धरू नका. ‘पंपाच्या बॉडीतल्या कोअरला वायू निघायला वाट कमी आहे, पन्नासांत पाच नगांना ब्लोहोल येतील’ हा आक्षेप. आकडा अंदाजाचा असला तरी चालेल, तो पडताळता आला पाहिजे. मग पॅटर्न आला की एकाच भट्टीच्या रसाचे पन्नास नग जुन्या कोअरने आणि पन्नास वाट वाढवलेल्या नव्या कोअरने ओता, खुणा करा. चाचणी आक्षेप घेणाऱ्याच्या हाती द्या, मोजणी विरुद्ध बाजूच्या. ब्लोहोल बरेचदा कातल्यावरच उघडे पडतात, म्हणून निकाल लेथवर लावा. खराब नग पुन्हा वितळतात, खर्च मजुरीचा आणि विजेचा. नगावर मजुरी असेल तर चाचणीतले खराब नग मोल्डरच्या पैशातून कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कागद कोरे येतील. एखाद-दुसऱ्या नगाचा फरक म्हणजे फरक नव्हे, चाचणी पुन्हा करा.

कधी दोन्ही ढिगांत ब्लोहोल सारखेच निघतात. दोन्ही बाजू खट्टू होतात, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, कोअर नीट वाळले होते का? हा प्रश्न सुरुवातीच्या एकाही कागदावर नसतो. नवी गोष्ट बहुधा अशीच निघते, म्हणून निकाल ऐकायला सगळे हजर हवेत.

पगार-बोनस या बैठकीत आणू नये, त्याची जागा वेगळी. भट्टीजवळचा चष्मा, हातमोजे यांवर तर वादच नको.

शेवटी निर्णय मालकाचा, तारखेसह फळ्यावर. हरलेल्या बाजूचा कागद जॉबकार्डाला टाचून ठेवा. तीच ऑर्डर परत आली की आधी तो वाचायचा.