क्षयाच्या छायेतील कर्करोग

कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधल्या कुंभकोणम नगरात गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. 1917 साली ते इंग्लंडमध्ये आजारी पडले, तेव्हा वैद्यांचा कल क्षयाकडे झुकला व त्यांना आरोग्यधामांत ठेवण्यात आले. 1920 मध्ये ते निवर्तले. तो आजार अमीबाजन्य यकृतविकार असावा, असे मत डॉ. यंग यांनी 1994 साली जुनी नोंद तपासून मांडले. खरे काहीही असो; क्षयाचे नाव एकदा चिकटले की दुसरा विचार सहसा मागे पडतो.

फुफ्फुसाच्या कर्करोगात आजही अनेकदा असेच घडते. न थांबणारा खोकला, घटते वजन, थुंकीतून पडणारे रक्त ही दोन्ही रोगांची लक्षणे होत. क्ष-किरण चित्रातील छायाही सारखीच भासू शकते. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी कित्येकदा क्षयाची औषधे सुरू होतात, आणि गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याचा काळ निघून जातो.

मग लक्षणे दिसण्यापूर्वीच तपासणी का करू नये? अमेरिकेत सुमारे 53,000 धूम्रपींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा अल्प किरणमात्रेचा सीटी स्कॅन दरवर्षी एक असा तीनदा केला, त्यांच्यात या कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण चित्राच्या गटापेक्षा 20 टक्क्यांनी कमी झाले. मात्र संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी सुमारे 96 टक्क्यांत कर्करोग नव्हताच. क्षयाचे जुने वण बाळगणारी फुफ्फुसे जेथे विपुल, तेथे हा घोटाळा वाढणारच. शिवाय तेथील निकष सिगारेटींच्या हिशेबावर बेतलेला. आपल्याकडे विडी आहे, चुलीचा धूर आहे आणि कधीच धूम्रपान न केलेले रुग्णही पुष्कळ आहेत.

भारताच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगाची तपासणी अंतर्भूत झाली. यंत्रांच्या खर्चाचा विचार करता, कुंभकोणमसारख्या गावी सरसकट स्कॅनपेक्षा खोकणाऱ्या रुग्णाकडे आधी वळणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तमिळनाडूत 2021 पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या योजनेतील स्वयंसेविका रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देतात. खोकल्याची विचारपूसही त्यांना करता येईल. थुंकीत क्षय सिद्ध न झालेल्या किंवा औषधांनी न सुधारलेल्या रुग्णाला विनाविलंब स्कॅनसाठी व गाठीचा तुकडा तपासण्यासाठी पाठवावे लागेल. तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 40 किलोमीटरवर आहे. 1954 साली स्थापन झालेली अड्यारची कर्करोग संस्था मात्र चेन्नईत, सुमारे 300 किलोमीटर दूर. रोजंदारीवर जगणाऱ्याला प्रत्येक फेरीसाठी मजुरी बुडवावी लागते, म्हणून या साऱ्या तपासण्या एकाच खेपेत उरकणे अगत्याचे आहे.