ल्युपस असताना कणकण आली तर

प्रश्न : मला ल्युपस आहे. पडसे-तापात गोळ्या थांबवून गुळवेलीचा काढा घ्यावा काय?
— एक भगिनी, तुळजापूर

उत्तर : ज्या व्याधीत शरीराची संरक्षक शक्तीच स्वकीयांवर उलटते, तीत ती शक्ती अधिक चेतवू शकणारा हा काढा, शेजारणीने कितीही मायेने पेला पुढे केला तरी, वर्ज्यच मानावा, आणि नित्याची स्टेरॉइडची गोळी एकाएकी बंद करणे तर प्रसंगी जिवावर बेतते, हे कृपा करून घरातील सर्वांस सांगून ठेवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेज, विश्रांती खुशाल घ्या. पारा १००.४ अंशांवर गेल्यास मात्र, ताप संसर्गाचा की व्याधीच्या उसळीचा याचा निवाडा घरी न करता, औषधांच्या चिठ्ठ्यांसह त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उन्हानेही ही व्याधी उसळू शकते, म्हणून देवीचे दर्शनही उन्हाआधी, पहाटेच घ्यावे.