जुन्या एसयूव्हीचा एसी आणि वायरिंग : वालीवमध्ये किती पैसे मोजाल?

दहा-बारा वर्षं जुनी स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा, सफारी किंवा टवेरा घेऊन तुम्ही ‘एसी गार करत नाही’ म्हणून गॅरेजात शिरलात, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “गॅस भरायला लागेल.” लगेच हो म्हणू नका. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. नळ्यांतून, सीलमधून तो वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर तो कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता पुन्हा भरलात तर दीड-दोन हजार रुपये हवेत जाणार. आणि कित्येकदा दोष गॅसचा नसतोच. रिले, पंखा, नाहीतर अर्थिंग. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा : आधी बॅटरी आणि चार्जिंग, मग फ्यूज-रिले, मग पंखे, सगळ्यात शेवटी गॅस. कामाचे पैसे देण्याआधी तपासणीचे पैसे द्या. ते तीनशे ते हजार रुपये असतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी वसूल होतात.

खालचे दर कंपनीबाहेरच्या बऱ्या गॅरेजचे, अंदाजे आहेत. मॉडेलप्रमाणे वरखाली होतील. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी दीडपट-दुप्पट धरा. पक्क्या बिलावर पार्ट आणि मजुरी दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, भाव विचारताना “जीएसटी धरून किती?” हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा.

कुठे, केव्हा, काय घेऊन

वसई पूर्वेत वालीव नाका, सातिवली रस्ता, वसई फाटा आणि तिथून हायवेच्या कडेने तुम्हाला तीन प्रकारची माणसं भेटतील : वायरमन, एसीवाला आणि सगळं करणारं मल्टिब्रँड गॅरेज. गाडी सुरूच होत नसेल, दिवे मंद होत असतील, काच वर जात नसेल तर वायरमन. एसीची तक्रार असली तरी आधी वायरमनकडे जायला हरकत नाही. त्याच्याकडचं मीटर दहा मिनिटांत अर्धं उत्तर देतं. एसीवाल्याकडे जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजायचा काटा आहे का? नसेल तर पुढच्या दुकानात.

फेब्रुवारी किंवा मार्चची सुरुवात ही एसीची वेळ. एप्रिल-मेमध्ये गाडी दोन-तीन दिवस अडकते आणि भावात घासाघीस होत नाही. बॅटरी, वायपर, हेडलाइट, हॉर्न मेअखेर उरका. पावसाळ्यात वसई पूर्वेत पाणी कुठे आणि किती साचतं, ते २०१८च्या जुलैतल्या पुरानंतर तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडी सकाळी, रात्रभर उभी असलेली, तशीच नेता आली तर उत्तम. बॅटरीची खरी अवस्था तेव्हाच कळते.

सोबत आरसीची प्रत (चासी नंबरावरूनच योग्य पार्ट मिळतो), बॅटरीचं वॉरंटी कार्ड, मागच्या कामाची बिलं आणि विमा पॉलिसी ठेवा. गाडी सोडण्याआधी किलोमीटर, डिझेलचा काटा आणि चालू असलेले दिवे यांचा मोबाइलवर फोटो काढा. वायरिंगच्या कामात “हा दिवा आधीपासूनच बंद होता” हा वाद हमखास होतो.

बॅटरी, डायनामो, सेल्फ

बॅटरीचे आकडे तुम्हीही वाचू शकता. साधं मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतं. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी : १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू : १३.८ ते १४.४ असायला हवं. चालू गाडीत १३च्या खाली दिसलं तर नवी बॅटरी विकत घेऊ नका, डायनामो तपासा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली, किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

डिझेल एसयूव्हीची ६५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी ६,००० ते ९,५०० रुपयांना पडते. सांगितलेला भाव जुनी बॅटरी देऊन आहे की न देता, हे आधी स्पष्ट करा; जुनीचे हजार ते दोन हजार रुपये वळते व्हायला हवेत. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचा, सहा महिन्यांहून जुनी घेऊ नका. ‘४८ महिने वॉरंटी’ दिसली तर त्यातले फुकट बदलीचे महिने किती आणि सवलतीचे किती, ते कार्डावर लिहून शिक्का मारून घ्या.

डायनामोची दुरुस्ती, म्हणजे कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, १,२०० ते ३,५०० रुपये. नवा ७,००० ते १८,०००. बहुतेक वेळा दुरुस्तीच पुरते. मात्र जुन्या डिझेल गाड्यांत पुष्कळदा डायनामोच्याच पाठीला व्हॅक्यूम पंप असतो आणि त्यावर ब्रेक हलका चालतो. डायनामो उघडून बसवल्यावर तेल गळतंय का आणि ब्रेक पेडल कडक झालंय का, हे दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी पाहा. सेल्फचं पूर्ण काम १,००० ते २,५००, अर्धा दिवस. ‘टक’ आवाज येऊन सेल्फ फिरत नसेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून घ्यायला सांगा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत ती गंजते. दोनशे रुपयांचं काम, पण तुम्ही म्हटल्याशिवाय कुणी सुचवेल याची खात्री नाही.

उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर कुठेतरी करंट चोरला जातोय. कुलूपबंद गाडी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढते. ५०० ओढत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. पाच-सहा दिवसांत मोठी बॅटरीही बसते. बहुधा चोर असतो तो बाहेरून बसवलेला टेप, रिमोट लॉक, जीपीएस किंवा डॅशकॅम. एकेक फ्यूज काढून शोधायला तास-दोन तास लागतात. त्याचे पाचशे ते पंधराशे रुपये पडतात आणि ते द्यावेत. इथे घाई करणारा वायरमन तुम्हाला नवी बॅटरी विकेल आणि तीही पंधरवड्यात बसेल.

लहानसहान कामांचे दर : फ्यूज ५ ते २० रुपये, रिले १०० ते ३५०, काचेची मोटर-रेग्युलेटर १,२०० ते ३,०००. काच अडकत असेल तर मोटर बदलण्याआधी रबरात सिलिकॉन स्प्रे मारून बघा.

आता एसी

लक्षण सांगताना नुसतं “गार नाही” म्हणू नका. केव्हा नाही, ते सांगा.

चालताना गार, सिग्नलला गरम : कंडेन्सरचा पंखा किंवा धुळीने भरलेला कंडेन्सर. वालीवच्या रस्त्यांवर कंटेनर आणि ट्रक जी धूळ उडवतात ती थेट कंडेन्सरच्या जाळीत बसते. बाहेरून हलक्या दाबाने धुवायचे ३०० ते ५००. पंख्याची मोटर १,५०० ते ४,०००.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो : रेझिस्टर जळला, ३०० ते १,००० रुपये. याच तक्रारीवर लोकांकडून अख्ख्या ब्लोअर मोटरचे तीन-चार हजार घेतले जातात. मोटर शेवटच्या नंबरवर नीट फिरतेय, मग ती खराब कशी, एवढंच विचारा.

अर्धा-पाऊण तास गार, मग हवाच कमी : कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. आधी केबिन फिल्टर बघा, २५० ते ७०० रुपये, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असेल तर तुम्हीच बदलू शकता. मग थर्मोस्टॅट किंवा सेन्सर. डाव्या सीटच्या पायाशी पाणी येत असेल तर ड्रेनची नळी तुंबली. दोनशे-तीनशे रुपये, गॅसशी काही संबंध नाही.

कॉम्प्रेसरचा क्लच चिकटतच नाही : रिले, प्रेशर स्विच, क्लचची कॉइल, किंवा गॅस खरंच कमी. या चारांत पहिले तीन स्वस्त आहेत. क्लचची कॉइल बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये वेगळी बदलता येते, १,२०० ते ३,००० रुपये. “कॉम्प्रेसर गेला” हे कॉइल तपासल्याशिवाय मान्य करू नका.

गॅस भरायचाच असेल तर नीट असा : आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, ती बंद करायची, मग किमान वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम, दहा मिनिटं काटा स्थिर राहतोय का ते पाहायचं, आणि मग वजनावर गॅस. किती, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. एकाच कॉइलची गाडी साधारण ५०० ते ६५० ग्रॅम घेते. मागच्या रांगेला वेगळी कॉइल असेल तर ८०० ते हजारापर्यंत. दर १,२०० ते २,५००. त्यात कॉम्प्रेसरचं तेल, ओरिंग आणि नायट्रोजन धरलंय का, हे आधी ठरवा. हेच नंतर ‘वेगळं’ निघतं. या जुन्या गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. अगदी स्वस्त, बिननावाचा डबा दिसला तर नको म्हणा. बदली म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत ब्युटेन-प्रोपेन असतं, आणि ते पेटतं.

मागे एसी असलेल्या गाडीत गळतीचा पहिला संशय पोटाखालून मागे जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर घ्या. चिखल आणि गंज त्यांना खातो. नवी नळी ३,००० ते ६,०००. पण वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये आर्गन वेल्डिंग करणारे सापडतात, तीनशे ते आठशे रुपयांत जोड होतो.  जोड क्लॅम्पजवळ नसून मधल्या सरळ भागात असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो.

मोठे खर्च. कंडेन्सर ३,५०० ते ९,०००. कॉम्प्रेसर नवा ९,००० ते २५,०००, रिकंडिशन ५,००० ते ९,०००. कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर त्याचा चुरा सगळीकडे पसरतो. फ्लशिंग करून ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलला नाही तर नवाही लवकर जातो. हे दोन-तीन हजार वाचवू नका. कूलिंग कॉइल २,५०० ते ६,०००, पण बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि त्याची मजुरी आणखी २,५०० ते ५,०००. गाडी दोन दिवस जाते, आणि डॅशबोर्डचा खडखडाट कधीकधी कायमचा येतो. म्हणून कॉइल गळतेय हे ड्रेनच्या नळीपाशी गॅस डिटेक्टर धरून दाखवायला सांगा, मगच परवानगी द्या.

जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, नव्या बाहेरच्या पार्टसाठी ऑपेरा हाऊस हे जुने बाजार आहेत. दहिसरचा टोल लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४पासून नाही, पण घोडबंदरच्या फाट्यापाशी अडकण्याचा वेळ मोजा. पाच हजारांखालच्या पार्टसाठी ती फेरी परवडत नाही. जुना कॉम्प्रेसर घेतलात तर लावून, चालवून, निदान महिनाभराची लेखी हमी घ्या.

‘डायरेक्ट करून देतो’

हे शब्द ऐकले की थांबा. रिले सापडत नाही म्हणून पंखा थेट बॅटरीवर, फ्यूज सारखा उडतो म्हणून १५च्या जागी ३० अँपिअरचा, प्रेशर स्विच बाजूला काढून कॉम्प्रेसर थेट. गाडी त्या संध्याकाळी चालते, म्हणून गिऱ्हाईक खूश. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते. प्रेशर स्विच काढला की गॅस संपल्यावरही कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो आणि हजार रुपयांचं काम वीस हजारांवर जातं. मूळ वायरिंगवर रिले न लावता जास्त वॅटचे हेडलाइट बसवू नका. गळती बंद करणारं रसायन एसीत ओतू देऊ नका. ते पुढे व्हॉल्व्हही बंद करतं.

बिलात आणखी काय लपतं? काम नाकारलंत तर ‘खोलण्याचे पैसे’. टोचनचं भाडं (पॉलिसीत रस्त्यावरची मदत असेल तर आधी तो नंबर लावा). आणि जुने पार्ट : डायनामो, सेल्फ, कॉम्प्रेसर यांत तांबं आणि अॅल्युमिनियम असतं, भंगारात त्याला भाव आहे. ते परत मागा, नाहीतर किंमत वळती करून घ्या.

विमा झिजलेल्या किंवा आपोआप बिघडलेल्या वायरिंगला पैसे देत नाही. अपघातात कंडेन्सर फुटला किंवा पुराचं पाणी शिरलं तर स्वतःच्या नुकसानीचा विमा लागू होतो. पण झीरो डेप नसेल तर दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घट कापतात, प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवरही ५० टक्के. वर १,५०० सीसीपेक्षा मोठ्या गाडीला २,००० रुपये तुमच्या खिशातून. पाचेक हजारांच्या कामासाठी दावा करून नो-क्लेम बोनस घालवू नका. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा. उंदरांनी वायर कुरतडली तर भरपाई मिळते का, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून ठेवा.

फसवणूक झाली तर पक्कं बिल, जुना पार्ट आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कच्च्या चिठ्ठीवर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेताना हे धरून चाला.

आणि गाडीला १५ वर्षं पुरी व्हायला वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर वीस हजारांचा कॉम्प्रेसर बसवण्याआधी पुढचा हिशेब करा. एमएच-४८ची गाडी नोंदणी नूतनीकरणासाठी विरारच्या परिवहन कार्यालयात दाखवावी लागते. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला त्याचं शुल्क एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि ही मुदत पाच वर्षांची. तपासणीत एसी कुणी विचारत नाही. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न विचारतात. पैसे अपुरे असतील तर आधी ते करून घ्या, एसीला रिकंडिशन कॉम्प्रेसर चालेल.