कलमाच्या चाकूसाठी पीव्हीसी पाइपचे घरगुती म्यान

कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवण्याची कोकणात जुनी रीत आहे. कलमाच्या उघड्या चाकूला मात्र अशी जागा नसते. तो पिशवीत सिकेटर व सुतळीबरोबर पडतो. मग धार बोथट होते किंवा पिशवीत घातलेला हात कापतो. बोथट पात्याने साल चेपली जाते, खुंट व कलमकाडी यांचे काप नीट जुळत नाहीत आणि कलम मरते. पावसाळ्याच्या तोंडी आंब्याची कोय कलमे बांधण्यापूर्वीच चाकूला म्यान करून ठेवावे.

पाइपची निवड

विजेच्या वायरिंगचा कडक पीव्हीसी पाइप घ्यावा. तो गावाकडे विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. गिरगाव, परळ, लालबागला राहून गावची बाग सांभाळणाऱ्यांना तो दक्षिण मुंबईतील लोहार चाळीच्या बाजारात मिळेल. पात्याची रुंदी जितकी, साधारण तितक्याच व्यासाचा पाइप निवडावा. २५ मि.मी. व्यासाचा पाइप चपटा केल्यावर बाहेरून सुमारे ३९ मि.मी. रुंद होतो. त्यात २५ मि.मी. रुंदीचे पाते सहज बसते.

उष्णता किती द्यावी?

पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उघड्या भांड्यातील उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे पाण्यात पाइप मऊ होतो, पण करपत नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिनच्या असतात, त्या या कामाला घेऊ नयेत.

कृती

१) पात्यापेक्षा ४ सें.मी. लांब तुकडा कापून कडा घासून घ्याव्यात.

२) पात्याच्या आकाराची, पण त्याहून किंचित जाड व रुंद लाकडी पट्टी तयार करावी. साच्यासाठी धारदार चाकू वापरू नये.

३) तुकडा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावा व चिमट्याने बाहेर काढावा.

४) लगेच पट्टी आत सरकवून दोन फळ्यांमध्ये दाबावे. टोकाकडील २ सें.मी. भाग पूर्ण चपटा करावा. दाब तसाच ठेवून थंड पाणी ओतावे.

५) आकार चुकल्यास तुकडा पुन्हा उकळत्या पाण्यात टाकावा. तो परत गोल होऊ लागतो व नव्याने दाबता येतो.

६) चपट्या टोकाला गिरमिटाने भोक पाडून तांब्याची तार आवळावी. पाणी निथळण्यासाठी पात्याच्या टोकाजवळ आणखी एक बारीक भोक ठेवावे. कमरेच्या दोरीसाठी वरच्या कडेला भोक पाडावे.

घ्यावयाची काळजी

पाइप चुलीवर किंवा स्टोव्हच्या ज्योतीवर धरू नये. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल बनते. ते डोळे व फुफ्फुसांना अपाय करते आणि पात्यालाही गंज चढवते. तापलेल्या खिळ्याने भोक पाडणेही याच कारणाने टाळावे. काही पाइपांत शिशाची संयुगे असतात, म्हणून उकळण्याचे भांडे स्वयंपाकात पुन्हा वापरू नये. हातमोजे घालावेत व मुलांना दूर ठेवावे.

चाकू पुसून, कोरडा करूनच म्यानात घालावा. म्यान अधूनमधून साबणाने आतून धुवावे, नाहीतर एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्या झाडावर जाऊ शकतो. तापलेल्या पत्र्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत म्यान ठेवल्यास त्याचा आकार बिघडतो. एवढी काळजी घेतल्यास वीतभर पाइपात धार टिकेल आणि हातही सुरक्षित राहील.